मुक्काम

प्रवासात रात्रीपुरते किंवा काही दिवस एका ठिकाणी राहणे, तसेच ते राहण्याचे ठिकाण, या दोन्ही अर्थांनी मराठीत रूढ असलेला पुल्लिंगी शब्द. तो मूळचा अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत आला. ‘क-व-म’ या अरबी धातूचा मूळ अर्थ उभे राहणे असा आहे. ‘कायम’ हा शब्दही याच धातूचा. एकाच मुळातून निघालेल्या या दोन शब्दांपैकी एकाने मराठीत चिरस्थायीपणा घेतला, तर दुसऱ्याने तात्पुरते थांबणे, ही गंमतच म्हणायची. मक्केतील मकाम-ए-इब्राहिम आणि अरबी संगीतातील मकाम ही याच कुळातील नावे होत.

शिवकाळात राजव्यवहारकोश रचून फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले गेले, तरी मुक्काम, मजल, कूच हे वाटचालीचे शब्द लोकांच्या तोंडून गेले नाहीत.

मुक्काम आणि विसावा यांतील भेद वारीत नेमका पाळला जातो. दुपारच्या जेवणापुरते किंवा घटकाभर थांबणे हा विसावा, आणि रात्रीची वस्ती तो मुक्काम. आळंदीहून निघालेल्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण असे मुक्काम होत जातात आणि पंढरपूरच्या अलीकडचा शेवटचा मुक्काम वाखरीला पडतो. संध्याकाळी तळावर समाजआरतीसाठी दिंड्या जमल्या, की चोपदार दंड उंचावतो, टाळ-मृदंग थांबतात, आणि हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू व दुसऱ्या दिवशी निघण्याची वेळ पुकारली जाते.

प्रवासाबाहेरही या शब्दाने जागा मिळवली. पत्त्यातील ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम आणि पोस्ट. गावात टपाल कार्यालय नसेल, तर ‘मु.’पुढे राहते गाव आणि ‘पो.’पुढे ज्या गावी टपाल येते त्याचे नाव, असे दोन्ही वेगळे लिहावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात राहणाऱ्याचाही पत्ता असा मुक्कामाचाच असतो. संध्याकाळी खेड्यात येऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे तालुक्याकडे परतणारी एस.टी. म्हणजे मुक्कामी गाडी. पाहुणा हलायचे नाव घेईना, की त्याने ‘मुक्काम ठोकला’ असे म्हणतात.

कारकिर्दीतला ‘मुकाम गाठणे’ हा अलीकडचा वापर मात्र हिंदीच्या वळणाचा आहे. तिथे मराठीला टप्पा किंवा पल्ला हे शब्द अधिक शोभतात.