पार्श्वभूमी : जुने रेग्युलेटर आणि ‘मूळ सुटे भाग’ या शब्दाचा गुंता

स्कूबात, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरताना, टाकीतल्या हवेचा दाब श्वास घेण्याजोगा करून देणारे उपकरण म्हणजे रेग्युलेटर. असा जुना रेग्युलेटर सर्व्हिसिंगसाठी उघडला की पितळी अंग बहुधा शाबूत निघते. अडते ते सीट (हवेची वाट बंद करणारी बैठक), डायफ्राम (दाबाने हलणारा लवचिक पडदा) आणि ओ-रिंग (सांधे हवाबंद करणारी रबरी कडी) यांच्यापाशी. हे भाग झिजणारे आहेत आणि ज्या नावाने रेग्युलेटर विकला गेला, त्या नावाचे सर्व्हिस किट कित्येकदा केव्हाच बंद झालेले असते. तो रेग्युलेटर मुळात कोणत्या कारखान्यात बनला, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये मागणीनुसार हवा देणारा रेग्युलेटर आकाराला आला आणि १९५२ मध्ये मेलबर्नमध्ये एका नळीची रचना विक्रीला आली. मात्र सुट्या भागांच्या आजच्या प्रश्नाची मुळे प्रामुख्याने १९६० नंतरच्या काळात आहेत. त्या दशकातील दोन नळ्यांचा ‘रॉयल अ‍ॅक्वा-मास्टर’ आणि एका नळीचा ‘कॉनशेल्फ’ शेजारी ठेवले, तर त्यांच्यात काही नाते असेल असे वाटणार नाही. तरीही कॉनशेल्फसाठी बनलेली उच्चदाबाची सीट रॉयल अ‍ॅक्वा-मास्टरमध्ये बसते आणि हौशी मंडळी त्याच आधारावर ते जुने रेग्युलेटर आजही पाण्यात उतरवतात. पुढे पेटंटांच्या मुदती संपल्या, रचना सर्वांसाठी खुल्या झाल्या आणि एकाच कारखान्यातून अनेक नावांचा माल बाहेर पडू लागला. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्याने स्वतःच्या नावाबरोबरच एका अमेरिकी नावासाठीही रेग्युलेटर बनवले, तर आज तैवानमधील कारखाने अनेक नावांसाठी हे काम करतात. अशा जोड्यांमध्ये कित्येकदा वरचे झाकण आणि त्यावरचा शिक्काच वेगळा असतो.

‘मूळ सुटे भाग’ या शब्दाचा गुंता येथेच सुरू होतो. मूळ म्हणजे ज्याने भाग घडवला त्याचा, की ज्याचे नाव पाकिटावर छापले त्याचा? विक्रेते सहसा दुसरा अर्थ धरतात. त्यामुळे त्याच कारखान्यातील तीच सीट दुसऱ्या पाकिटातून आली की ‘पर्यायी’ ठरते आणि हमीच्या अटींमधून बाद होते. माझ्या मते पहिला अर्थच तांत्रिकदृष्ट्या खरा आहे. पण तो स्वीकारताना पुरती काळजी घ्यावी लागते. ओ-रिंगचेच पाहा. बहुतेक ओ-रिंग ठरलेल्या औद्योगिक मापांच्या असतात आणि कोणाच्याही शिक्क्याविना मिळतात, पण एकाच मापाची, सारखीच काळी दिसणारी रिंग ७० कठीणतेची असू शकते किंवा ९० कठीणतेची (आकडा जितका मोठा, तितके रबर कठीण). उच्चदाबाच्या जागी ९० ची रिंग सांगितलेली असताना तेथे ७० ची बसवली, तर ती दाबाखाली फटीत सरकून चिरते, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहून ही चूक आधी लक्षात येत नाही.

सुटे भाग केवळ अधिकृत कार्यशाळांनाच द्यायचे, हा अनेक उत्पादकांचा निर्णय वादग्रस्त ठरला तो या पार्श्वभूमीवर. त्यामागचे कारण खरे आहे, कारण चुकीच्या जुळणीची किंमत पाण्याखाली मोजावी लागते. परंतु ज्या मॉडेलचे किट उत्पादकाने स्वतःच बंद केले, त्यालाही हाच नियम लावल्याने चांगले रेग्युलेटर निकामी ठरतात, नाहीतर मालक अंदाजाने भाग जुळवू लागतो. भागांची मापे, द्रव्य आणि कठीणता उघडपणे जाहीर करणे त्याहून अधिक सुरक्षित ठरले असते.

एकाच कुळातले रेग्युलेटर म्हणून सगळेच जुळते, असेही मानून चालत नाही. फर्स्ट स्टेज म्हणजे टाकीला जोडलेला, तिचा उच्च दाब मधल्या दाबावर उतरवणारा भाग. कित्येक जुन्या फर्स्ट स्टेजवर उच्चदाबाच्या आणि मधल्या दाबाच्या दोन्ही पोर्टना (नळी जोडायच्या छिद्रांना) ३/८ इंचाचेच आटे असत. उच्चदाबासाठी ७/१६ इंचाचे आटे पुढे रूढ झाले. जुन्या फर्स्ट स्टेजवर सेकंड स्टेजची, म्हणजे तोंडात धरायच्या भागाची, मधल्या दाबाची नळी चुकून उच्चदाबाच्या पोर्टमध्ये सहज बसते आणि टाकीचा सगळा दाब त्या नळीवर येतो. म्हणून जुळणी झाल्यावर, टाकी उघडण्यापूर्वी, प्रत्येक पोर्ट ओळखून घ्यावा लागतो. त्यानंतर मधल्या दाबाच्या नळीला मापक जोडून काटा पाहतात. बहुतेक रचनांत तो ९ ते १० बारच्या आसपास थांबतो आणि तेथेच राहायला हवा. काही मिनिटांत तो हळूहळू वर सरकू लागला, तर पाकिटावर कोणाचेही नाव असो, सीट पुन्हा बाहेर काढावी लागते.