आसवनी-तंत्रज्ञाची उच्च पात्रता व तिचे अद्ययावतीकरण : बेळगाव सीमाभाग

किण्वन व ऊर्ध्वपातन या प्रक्रियांनी मद्य, औद्योगिक मद्यार्क किंवा इंधन-इथेनॉल तयार करणाऱ्या कारखान्यातील तंत्रज्ञ मूळ पदवीनंतर आणि काही वर्षांच्या कामानंतर जी प्रगत व्यावसायिक पात्रता मिळवतो ती, आणि उद्योगाच्या चालीने तिचा अभ्यासक्रम व मूल्यमापन बदलत नेण्याची रीत. अबकारी खात्याचा परवाना ही वेगळी बाब आहे. परवाना कारखान्याला मिळतो, पात्रता माणसाला. प्रस्तुत नोंद मुख्यतः निपाणी, चिक्कोडी, कागवाड, अथणी, हुक्केरी, बेळगाव व खानापूर या मराठी-कन्नड ऊसपट्ट्यातील डिस्टिलऱ्यांच्या संदर्भात आहे. ‘आसवनी’ हा शब्द कागदोपत्री चालतो. बोलण्यात सर्वत्र डिस्टिलरीच.

उगम : ‘मास्टर ब्रुअर’ (बिअर तयार करणारा उस्ताद) या पदवीचा उगम कोठे मानावा याविषयी दोन मते आहेत. एक मत तिला जर्मन भाषिक प्रदेशांतील कारागीर-संघांच्या परंपरेशी जोडते. शिकाऊ, कारागीर व शेवटी उस्ताद अशा पायऱ्या तेथे होत्या, आणि ‘ब्राउमाइस्टर’ ही उपाधी आधुनिक परीक्षांच्या कितीतरी आधीची आहे. दुसरे मत इंग्लंडकडे बोट दाखवते. १८८६ मध्ये लंडनमध्ये काही मद्य-रसायनज्ञांनी ‘लॅबोरेटरी क्लब’ स्थापन केला आणि त्यातूनच पुढे ‘इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग’ उभी राहिली. प्रत्यक्ष भट्टीवर काम करणाऱ्यांचा स्वतंत्र संघ १९०६ चा. म्हणजे प्रयोगशाळेतले आणि भट्टीवरचे असे दोन गट जवळजवळ शतकभर वेगळे नांदले; ते एकत्र आले २००१ मध्ये. संस्थेच्या नावात ऊर्ध्वपातनाचा समावेश २००५ च्या सुमारास झाला. अलीकडे राजसनद मिळाल्यावर तिचे नाव ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुअर्स अँड डिस्टिलर्स’ असे झाले आहे.

या दोन मतांत उपाधी आणि परीक्षा यांची गल्लत होते. उपाधी जुनी आहे यात शंका नाही. पण त्रयस्थ परीक्षक, लेखी उत्तरपत्रिका आणि कोणत्याही देशातून बसता येईल अशी परीक्षा या अर्थाने आजची पात्रता १८७० ते १९१० या काळातील रसायनशास्त्राचे अपत्य आहे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पाश्चरचे किण्वनावरील संशोधन आणि १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेन याने वेगळे केलेले शुद्ध यीस्ट, यांनंतर केवळ हाताच्या सवयीवर भट्टी चालवणे पुरेसे राहिले नाही. बर्लिनची मद्यनिर्मिती संशोधन-अध्यापन संस्था १८८३ ची आणि अमेरिकेतील मास्टर ब्रुअर्सची संघटना १८८७ ची, हा निव्वळ योगायोग नव्हे.

लंडनच्या संस्थेची शिडी साधारणपणे प्राथमिक प्रमाणपत्र, सर्वसाधारण प्रमाणपत्र, तीन भागांची पदविका आणि सर्वांत वर ‘मास्टर’ अशी आहे. ‘मास्टर डिस्टिलर’ ही श्रेणी ‘मास्टर ब्रुअर’च्या मानाने बरीच उशिराची. ऊर्ध्वपातनाच्या सर्वसाधारण प्रमाणपत्रात धान्य, फळ आणि मळी असे कच्च्या मालानुसार पर्याय आहेत. सीमाभागाशी थेट नाते जुळते ते यांतल्या मळीच्या पर्यायाचे.

भारतीय वाट : या प्रदेशातील तंत्रज्ञ बहुधा दुसऱ्याच वाटेने वर जातो. रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, मग ‘औद्योगिक किण्वन व मद्यार्क तंत्रज्ञान’ या विषयाची पदव्युत्तर पदविका, मग शिफ्ट केमिस्ट, डिस्टिलरी इन्चार्ज आणि मॅनेजर. ही पदविका कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत शिकवली जाते. संस्था १९३६ ची. सध्याचे नाव १९५७ पासूनचे. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट सहकारी कारखान्यांनी १९७५ मध्ये ‘डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट’ या नावाने उभारली. वसंतदादा पाटलांच्या निधनानंतर, १९८९ मध्ये, तिला त्यांचे नाव मिळाले. तेथील मद्यार्क तंत्रज्ञान विभाग सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांना भाषेने आणि नात्यागोत्याने जवळचा. बेळगावात गणेशपूरच्या बाजूला कर्नाटक शासन व साखर कारखाने यांच्या सहभागाची एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे आणि मद्यार्क तंत्रज्ञान हा तिच्याही कक्षेतला विषय. व्यावसायिक संघटनांपैकी १९२५ ची भारतीय साखर तंत्रज्ञ संघटना व १९३६ ची पुण्याची डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन यांची वार्षिक अधिवेशने हीच पुष्कळ काळ ज्ञान ताजे ठेवण्याची मुख्य जागा होती. कारखान्यात ‘कन्व्हेन्शनला गेले आहेत’ म्हटले की बाकी सांगावे लागत नाही.

सीमाभागाची पार्श्वभूमी : १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गावोगावच्या छोट्या भट्ट्या मागे पडून ऊर्ध्वपातन सरकारी देखरेखीखालील मोजक्या ठिकाणी एकवटू लागले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा येथेही लागू झाला; औद्योगिक मद्यार्काला मात्र परवान्याने वाट होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९६५ च्या अबकारी कायद्याने राज्याच्या निरनिराळ्या भागांतले कायदे एकत्र आले आणि १९६७ च्या सुमारास दारूबंदी उठली. तेव्हा मुख्यमंत्री होते एस. निजलिंगप्पा, ज्यांचे नाव पुढे बेळगावच्या साखर संस्थेला मिळाले.

कारखान्यांपैकी कृष्णाकाठच्या उगार खुर्दचा उगार शुगर वर्क्स १९३९ मध्ये नोंदला गेला. तो शिरगावकर कुटुंबाने उभारला. संकेश्वरचा हिरण्यकेशी सहकारी कारखाना सहकाराच्या लाटेतला. मुनोळी येथील रेणुका शुगर्सची सुरुवात विसाव्या शतकाच्या अखेरीस, हिंदुपूरचा निजाम शुगर्सचा कारखाना विकत घेऊन तो येथे हलवण्यातून झाली. तिन्ही ठिकाणी साखरेला जोडून डिस्टिलरी आहे, आणि तंत्रज्ञांची ये-जा कागल, गडहिंग्लज, सांगलीपर्यंत चालते. राज्याची सीमा ओलांडली की रसायनशास्त्र तेच राहते. अबकारीचे रजिस्टर, त्याची भाषा आणि तपासणीची रीत बदलते.

उताऱ्याचा हिशेब : उच्च पात्रतेच्या परीक्षांत मळीवर काम करणाऱ्या उमेदवाराची खरी कसोटी या हिशेबात लागते, म्हणून तो थोडा विस्ताराने देणे योग्य. उतारा म्हणजे ठरावीक कच्च्या मालामागे मिळणारा मद्यार्क. गे-ल्युसॅकच्या समीकरणानुसार १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल व ८८ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो. म्हणजे १ किलो किण्वनयोग्य साखरेमागे सुमारे ०.६४४ लिटर शुद्ध मद्यार्क. सी-हेवी मळीत, म्हणजे साखर शेवटपर्यंत काढून घेतल्यावर उरणाऱ्या मळीत, किण्वनयोग्य साखर ४२ टक्के धरली, तर एका टनामागे सैद्धांतिक उतारा २७० लिटर येतो. किण्वनाची कार्यक्षमता ८९ टक्के व ऊर्ध्वपातनाची ९८.५ टक्के मानल्यास हाती २३७ लिटर राहतात. त्याच्या आधीच्या टप्प्यावर वेगळ्या काढलेल्या बी-हेवी मळीत साखर जास्त शिल्लक असल्याने हाच आकडा ३०० लिटरच्या आसपास जातो.

वादाचा मुद्दा पाया कोणता धरायचा हा आहे. यीस्ट सगळी साखर मद्यार्कात बदलत नाही; काही भाग ग्लिसरॉल, सक्सिनिक आम्ल आणि स्वतःच्या वाढीसाठी वापरते. पाश्चरच्या मोजमापानुसार मद्यार्क व वायूकडे सुमारे ९४.६ टक्केच साखर जाते. त्यामुळे गे-ल्युसॅकच्या पायावर जी टाकी ८९ टक्के कार्यक्षम, तीच पाश्चरच्या पायावर ९४ टक्के ठरते. दोन कारखान्यांचे आकडे शेजारी मांडून एकाला शाबासकी देण्याआधी हे पाहावे लागते, आणि पाहिले जातेच असे नाही. प्रस्तुत नोंदीत पहिला पाया स्वीकारला आहे, कारण अबकारी व खर्चाचे हिशेब त्याच्याशी अधिक सहज जुळतात.

दुसरी अडचण साखर मोजण्याची. फेलिंगच्या द्रावणाने केलेले लेन-आयनॉन अनुमापन मळीतील सर्व क्षपणकारी पदार्थ मोजते. उष्णतेने काळवंडलेली, यीस्टला न पचणारी संयुगेही त्यात येतात. ती वेगळी मोजून वजा केली नाहीत, तर मळी कागदावर श्रीमंत आणि केमिस्ट कागदावर नालायक ठरतो. उच्चदाब द्रव वर्णलेखनाने सुक्रोज, ग्लुकोज व फ्रुक्टोज स्वतंत्र मोजता येतात. परंतु ज्याला अनुमापनातली चूक कळते त्यालाच या यंत्राचे महत्त्व पटते, म्हणून जुनी पद्धत अभ्यासक्रमातून सरसकट काढून टाकणे इष्ट नाही.

तीव्रतेच्या मोजमापातही जुने-नवे एकत्र नांदते. ब्रिटिश अमदानीतला साइक्सचा हायड्रोमीटर (द्रवात तरंगत ठेवून मद्याची तीव्रता मोजण्याचे साधन) मागे पडला, तरी अबकारीत प्रूफ लिटर टिकून आहे. १०० प्रूफ म्हणजे आकारमानाने सुमारे ५७.१ टक्के.

अद्ययावतीकरणाची कारणे : पहिले कारण इंधन. जानेवारी २००३ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम काही राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्र व कर्नाटक दोन्ही त्यांत होते. १० टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये गाठला आणि २० टक्क्यांचे लक्ष्य २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले. पिण्याच्या मद्यासाठी शिकलेल्या तंत्रज्ञाचे लक्ष चव आणि ती बिघडवणारे फ्युजेल ऑइल, आल्डिहाइड यांसारखे उपपदार्थ यांवर असे. इंधनाला चव नसते, पाणी मात्र चालत नाही. साध्या कॉलममध्ये (ऊर्ध्वपातनाच्या उभ्या मनोऱ्यात) इथेनॉल वजनी सुमारे ९५.६ टक्क्यांवर अडते, कारण त्या ठिकाणी द्रव आणि वाफ यांचे घटक-प्रमाण एकच होते. पूर्वी तिसरा द्रव घालून हा अडसर ओलांडत. आता ३ अँगस्ट्रॉम छिद्रांच्या झिओलाइट या सच्छिद्र खनिजातून वाफ नेतात. पाण्याचा रेणू छिद्रात शिरतो, इथेनॉलचा मोठा असल्याने बाहेर राहतो.

दुसरे कारण स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढून घेतल्यावर उरणारे सांडपाणी. एक लिटर मद्यार्कामागे साधारण ८ ते १५ लिटर सांडपाणी निघते आणि त्याची जैवरासायनिक ऑक्सिजन-मागणी (सेंद्रिय प्रदूषणाचे माप) लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असू शकते. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, हिरण्यकेशी या नद्यांच्या काठी ही बाब तांत्रिक राहत नाही. खालच्या गावाचे पाणी काळे झाले की ती पंचायतीपुढे येते. द्रवाचा थेंबही बाहेर न सोडण्याच्या दंडकामुळे बाष्पीभवन संच, स्पेंटवॉश जाळणारे बॉयलर आणि प्रेसमडबरोबरचे (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळाबरोबरचे) कंपोस्ट यांचे ज्ञान मॅनेजरला अनिवार्य झाले. पात्रतेच्या अभ्यासक्रमांत हा भाग अजून शेवटच्या प्रकरणासारखा येतो. त्याचे वजन ऊर्ध्वपातनाइतकेच असावे.

कायद्याचा भागही जुना झाला आहे. औद्योगिक मद्यार्कावर राज्यांचा अधिकार नाही हे १९८९ पासूनचे न्यायालयीन मत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये बहुमताने बदलले. त्याआधीच्या टिपणांवर अभ्यास करणाऱ्याने ही दुरुस्ती आवर्जून करावी.

मका आणि ब्रुअरची विद्या : लंडनच्या पात्रतेतील बिअरचा अर्धा भाग सीमाभागात बराच काळ निरुपयोगी समजला जाई. येथे ऊस पिकतो, माल्टचे (बिअरसाठी मोड आणून सुकवायचे) जव नाही. फार तर बंगळुरूच्या मायक्रोब्रुअरीत नोकरी धरणाऱ्याला त्याचा उपयोग. हे चित्र बदलत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, ते ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. त्या हंगामात केवळ उसावर विसंबण्याचा धोका सर्वांना दिसला. मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मका व खराब धान्यावरही चालाव्यात यासाठी व्याज-सवलतीची योजना अधिसूचित झाली. जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत मका आधीपासून आहे.

मळीतली साखर यीस्ट लगेच खाते. मक्यातल्या पिष्टाचे आधी साखरेत रूपांतर करावे लागते. दळणे, आल्फा-अमायलेज या विकराने (एन्झाइमने) पातळ करणे, ग्लुकोअमायलेज या विकराने साखर करणे, प्रत्येक टप्प्याचे तापमान व आम्लता सांभाळणे, ही सारी ब्रुअरच्या मॅशिंगची, म्हणजे धान्याच्या पिठाची कोमट पाण्यात साखर करण्याची, विद्या आहे. फरक एवढाच, की ब्रुअर ही विकरे माल्टमधून मिळवतो आणि डिस्टिलर ती पिंपातून ओततो. मळीवर वीस-वीस वर्षे काढलेल्या केमिस्टला येथे नवशिक्यासारखे बसावे लागते. मक्याच्या टनामागे ३८० लिटरच्या आसपास उतारा, शिवाय पशुखाद्य म्हणून विकला जाणारा सुका चोथा. या चोथ्यात अफ्लाटॉक्सिनची (बुरशीपासून होणाऱ्या विषाची) तपासणी हा मळीच्या डिस्टिलरीत कधीच न पडलेला विषय आहे.

शिक्षणाची वेळ व भाषा : गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालतो, आणि साठवलेल्या मळीवर डिस्टिलरी त्यापुढेही. अभ्यासाला सवड मिळते ती पावसाळ्यातील देखभालीच्या काळात, त्यामुळे लघु अभ्यासक्रम तेव्हाच ठेवणे सोयीचे. परीक्षा घरबसल्या संगणकावर देण्याची सोय झाल्यापासून मोठ्या शहराची वारी वाचली. माध्यम इंग्रजीच. पाळीवर मात्र सूचना मराठीत, उत्तर कन्नडमध्ये, आणि लॉगबुकात ‘वॉश चढला’, ‘कॉलम बसला’ असे दोन्ही भाषांना समजणारे शेरे.