गाऊटचा ॲटॅक मोजायचा कसा?

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि अंगातलं पाणी घामावाटे निघून जातं. गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा सांध्यांचा आजार, असलेल्यांना असे दिवस जपून काढावे लागतात, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की ॲटॅक येऊ शकतो. रात्री अचानक पायाचा अंगठा ठणकू लागतो. सांधा लालबुंद आणि गरम होतो, साध्या पंचाचा स्पर्शही सोसवत नाही. एक-दोन आठवड्यांत सगळं ओसरतं आणि रुग्ण पुढच्या तारखेला डॉक्टरांकडे जातो, तेव्हा पाय अगदी धडधाकट असतो.

गाऊटच्या औषधांची चाचणी घेणाऱ्यांना नेमका हा न दिसलेला ॲटॅक मोजायचा असतो. रक्तातलं युरिक ॲसिड मोजणं सोपं. ते दर 100 मिलिलिटर रक्तामागे साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की सांध्यांत सुईसारखे स्फटिक साचू शकतात. पण ऐन ॲटॅकमध्ये हा आकडा नॉर्मलही येऊ शकतो, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही.

म्हणून संशोधकांनी रुग्णाच्या सांगण्यालाच शिस्त लावली. गाऊटचं निदान आधीच झालेल्यांसाठी चार प्रश्न ठरले. तुम्हाला स्वतःला हा ॲटॅक वाटतो का? स्वस्थ पडून असतानाही वेदना 10 पैकी 3 पेक्षा जास्त आहे का? निदान एक सांधा सुजलाय का? निदान एक गरम लागतोय का? चारपैकी तीन उत्तरं ‘हो’ आली की ॲटॅक धरायचा. 2018 मध्ये 509 रुग्णांवर ही व्याख्या तज्ज्ञांच्या निदानाशी ताडून पाहिली. खरे ॲटॅक असलेल्या 100 पैकी 85 जण तिने ओळखले आणि ॲटॅक नसलेल्या 100 पैकी 95 जणांना बरोबर बाजूला काढलं.

‘औषध घेतलं का?’ हा प्रश्न या चारांत नाही, आणि मला हीच या व्याख्येची खरी ताकद वाटते. बऱ्याच चाचण्यांत औषध लागलं तरच ॲटॅक मोजला जायचा. यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा कामगार खाडा परवडत नाही म्हणून सुजलेला पाय घेऊन कामावर जातो, वेदना अंगावरच काढतो. त्याचं दुखणं अशा मोजणीतून सुटतं. महिन्यांनी विचारलं तर त्यालाही नीट आठवत नाही. त्यामुळे त्याच दिवशी वहीत किंवा मोबाइलवर नोंद झालेली बरी.

कधी मोजायचं, हा आणखी नाजूक मुद्दा. युरिक ॲसिड कमी करणारी गोळी सुरू झाली की जुने स्फटिक विरघळू लागतात आणि पहिले काही महिने ॲटॅक उलट वाढू शकतात. ते टाळायला सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनसारखं औषध देतात. हे आधी न सांगितल्यामुळे ‘गोळीनंच दुखणं वाढवलं’ म्हणून किती तरी जण ती सोडून देतात. चाचणी लवकर संपवली तर संशोधकांचीही तशीच फसगत होईल. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला 517 रुग्णांवर दोन वर्षं चाललेली चाचणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला परिचारिकांनी आजार नीट समजावून गोळीचा डोस हळूहळू वाढवला, दुसऱ्या गटावर नेहमीचे उपचार झाले. दुसऱ्या वर्षात दोन किंवा जास्त ॲटॅक आलेले रुग्ण पहिल्या गटात 8 टक्के होते, दुसऱ्या गटात 24 टक्के.