ओडोमीटरला न दिसणारं वय

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी बनलेल्या दोन जुन्या इलेक्ट्रिक गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एकीचा ओडोमीटर ९०,००० किलोमीटर दाखवतोय, दुसरीचा ३०,०००. किंमत सारखीच. बहुतेक जण डोळे झाकून दुसरी उचलतील. पेट्रोलच्या गाडीत हा हिशेब चालतो: जितकी पळाली तितकं इंजिन घासलं. इलेक्ट्रिक गाडीत मात्र कमी पळालेली गाडी जास्त थकलेली निघू शकते. पूर्ण चार्ज करून उन्हात महिनोन्‌महिने उभी ठेवलेली बॅटरी रोज धावणाऱ्या बॅटरीच्या आधी म्हातारी होते. इथली झीज रासायनिक असते आणि रसायनं गाडी उभी असतानाही स्वस्थ बसत नाहीत.

रोज ऑफिसला जाण्यायेण्यापुरती, बेताच्या पैशांत इलेक्ट्रिक गाडी घ्यायची असेल तर ही झीज समजून घेण्यासारखी आहे. भाव तिच्याच भीतीनं पडलेले असतात, आणि ती भीती बऱ्याचदा वाजवीपेक्षा जास्त असते.

गाडीची बॅटरी अनेक छोट्या सेलची मिळून बनते. लिथियम-आयन सेलमध्ये लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, दोन इलेक्ट्रोडांमध्ये, म्हणजे दोन टोकांमध्ये, ये-जा करतात. चार्ज होताना ते एका टोकाच्या ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, गाडी चालताना तिथून निघून पलीकडे जातात. मधल्या द्रवाचं, म्हणजे इलेक्ट्रोलाइटचं, चार्ज झालेल्या ग्राफाइटशी पटत नाही. त्याचा स्पर्श होताच द्रव विघटित होतो आणि ग्राफाइटवर पापुद्रा धरतो. जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी इतकी. जखमेवरच्या खपलीसारखं त्याचं काम असतं. तो आहे म्हणून खालचं विघटन जवळपास थांबतं. नवा सेल कारखान्यातून बाहेर पडण्याआधी सावकाश चार्ज करून ही खपली मुद्दाम धरू दिली जाते. पण ती शंभर टक्के घट्ट नसते. वर्षानुवर्षं ती थोडी थोडी जाड होत राहते, आणि तिच्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामावर येत नाही. बॅटरी ‘उतरली’ असं आपण म्हणतो त्यामागे मुख्यतः हे अडकलेलं लिथियम असतं.

यातली गंमत अशी, की खपली जितकी जाड होते तितकं द्रवाला तिच्यातून झिरपणं कठीण जातं. त्यामुळे वाढीचा वेग आपोआप मंदावतो. ढोबळमानानं ही वाढ काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. पहिल्या वर्षी ४ टक्के क्षमता गेली असेल, तर चार वर्षांनी ८ आणि नऊ वर्षांनी १२ टक्के गेलेली असेल. म्हणजे पहिल्या मालकाच्या ताब्यात घसरण सर्वांत वेगानं होते. दुसरा मालक येतो तेव्हा आलेख बराच सपाट झालेला असतो. मोबाइलचा अनुभव धरून लोक उलटं गृहीत धरतात: तीन वर्षांत फोन रडायला लागला, म्हणजे आठ वर्षांची गाडी मेलीच. पण फोन रोज पूर्ण रिकामा होऊन रोज पूर्ण भरतो. २०० किलोमीटर रेंजची गाडी दिवसाला ४० किलोमीटर चालली, तर तिचं एक पूर्ण आवर्तन, म्हणजे एकदा पूर्ण भरून रिकामं होणं, व्हायला पाच दिवस लागतात. हजार आवर्तनं म्हणजे दोन लाख किलोमीटर. शिवाय कार कंपन्या वरची आणि खालची थोडी क्षमता राखून ठेवतात, तिथवर चालकाला पोचूच देत नाहीत.

हा सपाट आलेख कायम सपाट राहतो असं मात्र नाही. फार वापरलेल्या किंवा फार सोसलेल्या बॅटरीत एका टप्प्यावर तो अचानक खाली वळतो. संशोधक या वळणाला ‘गुडघा’ म्हणतात. तिथे झीज खपलीपुरती उरत नाही. थंडीत जोरात चार्ज केल्यानं किंवा आतली जागा कमी पडल्यानं लिथियम ग्राफाइटच्या आत न शिरता बाहेरच धातूच्या रूपात साचू लागतं, आणि मग उतार घसरगुंडीसारखा होतो. जुनी गाडी घेणाऱ्यानं घाबरावं ते या गुडघ्याला. गेलेल्या दहा-पंधरा टक्क्यांना नाही.

बॅटरीला सोसावं कशानं लागतं याचं उत्तम उदाहरण निसान लीफचं आहे. डिसेंबर २०१० मध्ये विक्रीला आलेल्या या गाडीत २४ किलोवॅट-तासांची, म्हणजे २४ युनिटांची बॅटरी होती. तिला गार ठेवायला ना द्रव होता ना पंखा. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातून तक्रारी येऊ लागल्या. गाड्या एक-दीड वर्षाच्या असतानाच डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांमधली वरची पट्टी गळून पडत होती. थंड हवेतल्या तशाच गाड्या ठणठणीत होत्या. रासायनिक क्रियांचा वेग तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण दुप्पट होतो, हा शाळेतला ठोकताळा तिथल्या पार्किंगमध्ये उभा होता. पुढे २०१५ च्या मॉडेलपासून निसाननं उष्णता जास्त सोसणारं रसायन आणलं. त्या बॅटरीचं टोपणनावच ‘लिझर्ड’, म्हणजे सरडा, पडून गेलं.

त्या बारा पट्ट्यांचीही एक खोच आहे. पहिली पट्टी जाते ती सुमारे १५ टक्के क्षमता गमावल्यावर, पुढची प्रत्येक मात्र सुमारे सहा टक्क्यांनाच. म्हणजे ‘बाराच्या बारा पट्ट्या शाबूत’ असं अभिमानानं सांगितली जाणारी गाडी ९९ टक्क्यांवर असू शकते, तशीच ८६ वरही. विकणारा खोटं बोलत नसतो. पट्ट्याच तशा आखलेल्या आहेत.

म्हणून विकणाऱ्याला किलोमीटर विचारण्याआधी गाडी उभी कुठे असायची ते विचारावं. सावलीत की उन्हात? रोज शंभर टक्के चार्ज करून ठेवायचे की ऐंशीवर थांबायचे? बॅटरीला द्रवानं थंड करण्याची सोय आहे का? भरलेली बॅटरी आणि उष्णता यांची जोडी सर्वांत वाईट. दोन्हींपैकी एकच असेल तर बरंचसं निभावतं.

आता गरज किती ते बघू. लहान इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये साधारण सहा ते सात किलोमीटर जाते. समजा, नवी असताना ३० युनिट वापरता येणारी बॅटरी आता २१.५ युनिटांवर आली आहे. ऐकायला वाईट वाटतं: २८ टक्के गेले की! पण साडेसहाच्या हिशेबानं अजून १४० किलोमीटर जाता येतं. बॅटरीची काळजी म्हणून २० ते ८० टक्क्यांमध्येच वापरायची ठरवली तरी ८४ किलोमीटर मिळतात. कडाक्याच्या थंडीत हीटरनं एक तृतीयांश खाल्ले तरी ५६ उरतात. जाऊन-येऊन अंतर ५० असेल, तर ही ‘थकलेली’ गाडी हिवाळ्यातही घरी आणून सोडते. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यासाठी ती निकामी आहे, आणि नेमक्या त्याच कारणानं ती रोजच्या ठरावीक वाटेवरच्या माणसाच्या आवाक्यात येते. जुन्या इलेक्ट्रिक गाडीतली खरी स्वस्ताई मला इथे दिसते. फार मोठी बॅटरी घेऊन रोज तिचा पाचवा हिस्सा वापरायचा, तर उरलेलं वजन आपण नुसतं ओढत फिरतो.

पण हे सगळं २१.५ हा आकडा खरा असेल तर. डॅशबोर्डवरची उरलेली रेंज पाहून तो कळत नाही. ती आदल्या काही दिवसांच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. उतारावरून हळू आलेली गाडी फुशारकी मारते, चढ चढून आलेली रडते.

स्टीअरिंगखाली एक ओबीडी सॉकेट असतं, गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्यासाठीचं. त्यात काडेपेटीएवढा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे ती माहिती फोनला पाठवणारं छोटं यंत्र, खोचायचा आणि फोनवर त्या मॉडेलसाठीचं ॲप उघडायचं. बॅटरीची तब्येत दाखवणारा टक्का बऱ्याच गाड्यांमध्ये तिथे मिळतो, पण मी म्हणेन, त्याच्या खालचा आलेख जास्त बोलका आहे. पॅकमधल्या, म्हणजे गाडीच्या मोठ्या बॅटरीतल्या, एकामागोमाग जोडलेल्या सेलच्या जोड्यांचे व्होल्टेज तिथे उभ्या रेघांनी दाखवलेले असतात. लीफमध्ये अशा ९६ रेघा. गाडी उभी असताना सगळ्या एका उंचीच्या दिसतात, कापलेल्या गवतासारख्या. मग शेजारच्या माणसाच्या हातात फोन द्या आणि मोकळ्या रस्त्यावर एक्सलरेटर दाबा. सगळं गवत एकदम थोडं वाकतं. ते एकसारखं वाकलं तर पॅक बरा आहे. एखादीच रेघ बाकीच्यांपेक्षा खोल गेली, आणि पाय काढल्यावरही सावकाश वर आली, तर तो सेल कमकुवत आहे. एकामागे एक जोडलेल्या सेलमध्ये सगळा पॅक सर्वांत दुबळ्या सेलच्या चालीनं चालतो. बाकीचे ९५ कितीही धडधाकट असोत, तो रिकामा झाला की गाडी थांबते. ही तपासणी बॅटरी अर्ध्याच्या खाली असताना केली तर दोष लवकर उघडा पडतो. म्हणून ‘तुमच्यासाठी फुल चार्ज करून ठेवलीय’ असं कोणी म्हटलं, तर आभार मानून परत यायची वेळ ठरवावी.

तब्येतीच्या टक्क्यावर आंधळा विश्वास नको, कारण काही गाड्यांत बॅटरीवर नजर ठेवणारा संगणक रीसेट करून तो तात्पुरता शंभरजवळ नेता येतो. शंका असेल तर जुना उपाय बरा: मीटर. २० टक्क्यांवरून १०० टक्क्यांपर्यंत चार्ज करायला सॉकेटमधून १९.५ युनिट गेले असं समजा. चार्जिंगमध्ये दहा ते पंधरा टक्के वाया जातात, तेव्हा बॅटरीत पोचले सुमारे १७.२. हे ८० टक्क्यांचे. पूर्ण क्षमतेचे झाले २१.५. या आकड्याला कोणी रीसेट करू शकत नाही. एक पथ्य: लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी असेल तर तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात इतकं सपाट असतं की गाडीलाच आपण ४० टक्क्यांवर आहोत की ६० वर हे नीट उमगत नाही. अशी गाडी आधी एकदा पूर्ण भरून मगच मोजमाप सुरू करावं.

बाकीचं पटकन. बॅटरीची हमी अनेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात, बहुधा ७० टक्के क्षमतेच्या अटीवर. ती नव्या मालकाच्या नावावर होते का हे लेखी घ्यावं. कधी बॅटरी गाडीपेक्षा तरुण असते, तेही विचारावं. सेलमधल्या दोषामुळे आगी लागल्यावर जनरल मोटर्सनं २०२०-२१ मध्ये शेव्हर्ले बोल्ट गाड्या परत बोलावल्या आणि त्यांतल्या कितीतरी जुन्या गाड्यांना नवा पॅक मिळाला. चाडेमो पद्धतीचं फास्ट चार्जिंग सॉकेट असेल तर त्या पद्धतीचे चार्जर बऱ्याच देशांत कमी होत चालले आहेत. रात्री घरीच चार्ज करणाऱ्यानं त्याची फिकीर करू नये, भाव मात्र पाडून मागावा. टायर नीट पाहावेत, कारण जड गाडी आणि तत्काळ मिळणारी ताकद त्यांना लवकर खाते. ब्रेकचं उलटं होतं. वेग कमी करायचं काम मोटरच करते, ब्रेक क्वचितच दाबले जातात, आणि डिस्कवर झीज होण्याऐवजी गंज चढतो.

आणि बॉनेटखाली असते ती साधी १२ व्होल्टची बॅटरी, बहुतेक जुन्या गाड्यांत शिशाची. मोठा पॅक गाडीला जोडणारा स्विच हीच चालवते. ती मेली की खाली वीसेक युनिट वीज भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही, आणि मरता मरता डॅशबोर्डवर इतके लाल-पिवळे दिवे लावते की पाहणाऱ्याला वाटावं, मोठा पॅकच गेला. बरेच दिवस उभी असलेली अशी एखादी गाडी दिसली तर तिच्याकडे पाठ फिरवण्याआधी छोट्या बॅटरीचं व्होल्टेज मोजायला सांगा. १२ च्या बरंच खाली भरलं, तर ती बदलून मग डोंगल लावा, आणि त्या ९६ रेघा काय म्हणतात ते बघा.