'लॉसूट बेस': खटला झाला, पण फेंडरचा नव्हे

सत्तरच्या दशकातला, हुबेहूब अमेरिकी फेंडर कंपनीच्या बेससारखा दिसणारा जपानी बेस गिटार विकायला निघाला की जाहिरातीत हमखास लिहिलेलं असतं: 'लॉसूट (म्हणजे खटल्यातला) बेस! नक्कल इतकी अस्सल की फेंडरने खटला भरला.' किंमतही मग तशीच चढते.

खटला झाला खरा, पण तो फेंडरचा नव्हताच. १९७७ मध्ये गिब्सन या गिटार कंपनीची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझ या जपानी गिटार ब्रँडच्या अमेरिकी वितरकावर, एल्गरवर, दावा ठोकला. तोही फक्त हेडस्टॉकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाच्या, आकारावरून. गंमत म्हणजे आयबानेझने तो आकार तोवर बदललाही होता. १९७८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. निकाल असा लागलाच नाही.

उलट, आपल्या 'प्रिसिजन बेस' या मॉडेलच्या बॉडीच्या आकारावर ट्रेडमार्क मागणारा फेंडरचा अर्ज २००९ मध्ये अमेरिकी ट्रेडमार्क मंडळाने फेटाळला.