‘अध्यापनाचा अनुभव’ म्हणजे नेमके काय? वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीची पार्श्वभूमी

पणजीत १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी सुरू केलेल्या वैद्यकीय शाळेचे १९६३ मध्ये महाविद्यालय झाले. या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातल्या (गोमेकॉ) शिक्षकांना आज लागू असलेली पात्रता मात्र देशपातळीवर ठरते, आणि तिची चौकट तेव्हाच्या भारतीय वैद्यकीय परिषदेच्या १९९८ च्या नियमांतून आली.

या नियमांतला ‘अध्यापनाचा अनुभव’ हा शब्द फसवा आहे. आज सहायक प्राध्यापक म्हणून चार वर्षे झाली की सहयोगी, त्यापुढे तीन वर्षांनी प्राध्यापक. मोजला जातो तो पदावरचा काळ. यकृत कसे चाचपायचे हे खाटेशेजारी उभे राहून दहा जणांकडून करून घेतले, त्याची नोंद फाइलमध्ये कुठेच नसते.

बढतीसाठी वर्षांच्या जोडीला शोधनिबंध आले आणि परिषदेच्या २०१५ च्या परिपत्रकाने घोळ वाढवला. फक्त मूळ संशोधन धरायचे, लेखक पहिला किंवा दुसराच हवा, केवळ इंटरनेटवर निघणारी नियतकालिके बाद. रेसिडेंटच्या (पदव्युत्तर विद्यार्थी-डॉक्टर) प्रबंधावरून निबंध लिहिला की पहिले नाव त्याचे, दुसरे मार्गदर्शकाचे. सहमार्गदर्शकाच्या हाती शून्य. जनआरोग्य विभागात गोव्यातल्या मांदूरसारख्या ग्रामीण आरोग्य केंद्रावरचे सर्वेक्षण सहा-सात जणांशिवाय होत नाही, तिथे तर नावांच्या क्रमावरूनच वाद. शिवाय नियतकालिकांच्या मान्य सूचींमध्ये ‘इंडेक्स कोपर्निकस’ ही सूची होती, त्यामुळे पैसे घेऊन छापणाऱ्यांचे फावले. २०१७ मध्ये पहिला किंवा पत्रव्यवहार करणारा (निबंधाबाबत नियतकालिकाशी संपर्क ठेवणारा) लेखक, २०२० मध्ये पहिले तीन किंवा पत्रव्यवहार करणारा, अशी दुरुस्ती झाली आणि ती सूचीही गेली. पाच वर्षांत तीनदा निकष बदलले; शिकवणे कसे मोजायचे, हा प्रश्न तिन्ही वेळा बाजूलाच राहिला. २०२० मध्ये वैद्यकीय शिक्षणतंत्राचा प्राथमिक अभ्यासक्रम सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट. पण ते प्रमाणपत्र शिक्षक काय शिकला ते सांगते, त्याने काय शिकवले ते नव्हे.

अध्यापन हेही विद्वत्तेचेच काम, असे अमेरिकेतल्या एका अहवालाने १९९० मध्ये मांडले. १९९७ मध्ये त्यासाठी सहा कसोट्या आल्या: स्पष्ट उद्दिष्ट, पुरेशी तयारी, योग्य पद्धत, ठोस परिणाम, नीट मांडणी आणि स्वतःच्या कामाची चिकित्सा. अध्यापन-फाइल, म्हणजे शिक्षकाने आपल्या शिकवण्याचे पुरावे एकत्र ठेवलेली फाइल, याच कसोट्यांवर उभी राहते.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येते यावर बेतलेला, आला. लॉगबुक (विद्यार्थ्याच्या कामाची नोंदवही) तपासणे, सही करणे, वेळोवेळी अभिप्राय देणे ही कामे वाढली. बढतीच्या कागदावर त्यांना रकाना नाही. उत्तम शिक्षकाचा पुरस्कार बहुधा रंगतदार व्याख्यानाला मिळतो, शांतपणे क्लिनिक (रुग्णाच्या खाटेशेजारचा तास) घेणाऱ्याला क्वचितच.

विद्यार्थ्यांचे अभिप्राय घ्यायचे तर पोस्टिंग (विभागातली पाळी) संपताना, व्हायवाच्या (तोंडी परीक्षा) तोंडावर घेऊ नयेत. बारा जणांच्या बॅचमध्ये हस्ताक्षर ओळखू येते, म्हणून सगळे पाचपैकी पाच देतात. अंतर्गत गुण जाहीर झाल्यावर, निनावी आणि नेमके विचारावे: ‘तुम्ही रुग्ण तपासताना शिक्षकांनी पाहिले का? चूक दाखवली का?’ सोबत दोन सहकाऱ्यांनी, त्यातला एक दुसऱ्या विभागातला, वेगवेगळ्या दिवशी वीस-वीस मिनिटे क्लिनिक पाहावे. तपासणी-यादी आधी ठरलेली हवी. नाहीतर शेरा शिकवण्यावर न पडता माणसावर पडतो.