पाच जाणकार, दहा जोड्या

"आणखी कुठली औषधं चालू आहेत का?" डॉक्टर विचारतात.

"नाही हो, काही नाही."

असं सांगणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये त्या क्षणी तीन डब्या असतात. एकीत केसांसाठीच्या गोळ्या, दुसरीत झोपेसाठी कुणीतरी सुचवलेल्या वनस्पतीच्या कॅप्सूल, तिसरीत सांधेदुखीवरची कसलीशी पावडर. बाई खोटं बोलत नाहीत. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात ते औषध, बाकीचं सगळं 'असंच', एवढाच त्यांचा हिशोब. या बाई म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. थोड्याफार फरकाने आपण सगळेच त्या खुर्चीत बसलेलो असतो.

१९९० साली अमेरिकेत १,५३९ प्रौढांची पाहणी झाली होती. तिच्यात साधारण तिघांतल्या एकाने वर्षभरात कुठला तरी अपारंपरिक उपचार घेतला होता, आणि अशा उपचार घेणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी आपल्या डॉक्टरांच्या कानावर ते घातलंच नव्हतं.

आता तर अनेकांकडे माणसांचा ताफाच असतो: फिजिओथेरपिस्ट, योगशिक्षक, आहारतज्ज्ञ, समुपदेशक, अॅक्युपंक्चर करणारे, मसाज करणारे. मला यात वावगं काही वाटत नाही. साध्या कंबरदुखीवर आधी औषधाविना उपाय करून पाहा, असं अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनेच २०१७ साली सांगितलं. त्या यादीत व्यायाम, योग, मसाज आणि अॅक्युपंक्चरही होतं. अडचण माणसांची नाही, त्यांच्यामधल्या रिकाम्या जागांची आहे. पाच जाणकार असले की त्यांच्या आपापसात दहा जोड्या होतात, सात असले की एकवीस. या जोड्यांपैकी किती जण एकमेकांशी बोललेले असतात? बहुतेक वेळा एकही नाही. सगळ्यांना ओळखणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे तुम्ही.

त्या रिकाम्या जागेत काय घडू शकतं, ते बाईंच्या पहिल्या डबीत बघू. केसांच्या गोळ्यांमध्ये बहुधा बायोटिन असतं. प्रौढ माणसाला रोज सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. या गोळ्यांत ते ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅमही असतं. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, म्हणून ते निरुपद्रवी समजतात. पण रक्ताच्या कितीतरी तपासण्या नेमक्या बायोटिनच्याच जोरावर चालतात. स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं एक प्रथिन बायोटिनला इतकं घट्ट धरतं, की तपासणी बनवणाऱ्यांनी त्या पकडीचा हुकासारखा उपयोग करून घेतला आहे: जे मोजायचं ते बायोटिनच्या शेपटीने नळीत अडकवायचं. रक्तातच बायोटिनचा सुळसुळाट असला तर हे हुक आधीच भरून जातात आणि मोजायची वस्तू धुऊन जाते. मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, खोटंच कमी दिसतं. दुसऱ्या पद्धतीने मोजलं जाणारं टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, खोटंच जास्त दिसतं. अहवाल ओरडून सांगतो की थायरॉइड जोरात धावतंय, आणि बाईंना ना धडधड, ना वजनात घट. हृदयाच्या झटक्यात बघितलं जाणारं ट्रोपोनिनही असंच फसवं कमी येऊ शकतं. असा चुकीचा अहवाल आल्यानंतर एक रुग्ण दगावल्याची नोंद देत अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

दुसऱ्या डबीतली वनस्पती सेंट जॉन्स वर्ट असेल तर प्रकरण आणखी गंभीर. ती यकृतातल्या एका एन्झाइमचं उत्पादन वाढवते, आणि तेच एन्झाइम बाजारातल्या निम्म्याच्या आसपास औषधांची विल्हेवाट लावतं. गोळी तीच, वेळ तीच, पण रक्तातलं औषध अर्ध्यावर. हृदय प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांत ही वनस्पती सुरू केल्यावर सायक्लोस्पोरिनची, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या औषधाची, पातळी घसरली आणि शरीर नवं हृदय नाकारू लागलं, हे २००० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. गर्भनिरोधक गोळ्यांचाही असर ती कमी करते.

"पण मला बरं वाटतंय ना!" हा यावरचा नेहमीचा मुद्दा. वाटत असेलच. २००८ साली आतड्याच्या जुनाट दुखण्याच्या २६२ रुग्णांवर एक सुरेख प्रयोग झाला. काहींना नुसतं थांबवून ठेवलं. काहींना त्वचेत न शिरणाऱ्या खोट्या सुया लावल्या. उरलेल्यांना त्याच खोट्या सुया, पण आधी पाऊण तास आस्थेने विचारपूस करून. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडला असं सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. म्हणजे जिव्हाळ्याने ऐकणं हाही उपचाराचाच एक घटक आहे, आणि त्याला नाक मुरडणाऱ्या डॉक्टरांचं मला नवल वाटतं. मात्र त्या आरामावरून सुईचा गुण सिद्ध होत नाही. शिवाय माणूस नव्या उपचाराकडे वळतो तो दुखणं टोकाला गेल्यावर. त्यानंतर ते थोडं उतरतंच, श्रेय कुणालाही द्या. त्यातून एकाच आठवड्यात योग, सुया आणि पावडर असं तिन्ही सुरू केलं तर कशाने काय झालं हे देवालाच ठाऊक. एका वेळी एकच बदल, आणि रोज झोपताना दुखण्याला शून्य ते दहा यांतला एक आकडा. वहीचं एक पान पुरतं.

ताफ्यात कुणाला ठेवू नये, याबाबत मात्र मी ठाम आहे. "ते बंद करा, मग माझं लागू पडेल" असं म्हणणाऱ्याला. २०१८ साली कर्करोगाच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांना पूरक उपचारांची जोड देणाऱ्यांत मृत्यूचा धोका दुपटीच्या घरात दिसला. कारण शोधलं तेव्हा लक्षात आलं की यांच्यापैकी ३४ टक्क्यांनी सुचवलेली केमोथेरपी नाकारली होती. बाकीच्यांत हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होतं. हा नकार हिशोबात धरल्यावर दोन्ही गटांत खात्रीने सांगता येईल असा फरक उरला नाही. जोड म्हणून आलेलं कधी जागा बळकावतं, ते रुग्णालाही कळत नाही.

पुढच्या खेपेला बाई पर्समधल्या तिन्ही डब्या टेबलावर मांडतात. डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून पहिल्या डबीवरची बारीक अक्षरं वाचतात, थायरॉइडचा अहवाल पुन्हा उलगडतात आणि हसतात.

"ही आजपासून बंद. निदान दोन दिवस जाऊ द्या, मग पुन्हा रक्त देऊ. थायरॉइडची गोळी आत्ता नको."

मग दुसरी डबी उचलतात. या वेळी मात्र हसत नाहीत.